वहीमागचा रुपया

शाळांचे नवे वर्ष सुरू होताना झाशीच्या सदर बाजारात कार्यालयातील कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वह्या घ्यायला जातो, तेव्हा वहीचे मागचे आवरण मी आधी वाचतो. 'क्लासमेट'च्या वह्यांवर अनेक वर्षे एक ओळ छापलेली असे : चार वह्या घेतल्या की कंपनी एक रुपया ग्रामीण विकासाच्या कामाला देणार. एका मुलाला वर्षाला बारा वह्या लागतात असे धरले, तर दूरच्या कुठल्याशा खेड्याच्या वाट्याला तीन रुपये येतात. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला आकडा दिसला की भागाकार केल्यावाचून राहवत नाही.

ही कल्पना तशी जुनी आहे. 1983 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे एक सेंट देऊ केला. सुमारे 17 लाख डॉलर जमले आणि कार्डाचा वापरही वाढला, हे सर्व कंपन्यांनी नीट लक्षात ठेवले. 2005 मध्ये वॉल्विक या फ्रेंच कंपनीने जर्मनीत जाहीर केले की आमचे एक लिटर पाणी प्या, इथिओपियात दहा लिटर पाण्याची सोय होईल. त्याच वर्षी आपल्याकडे प्रॉक्टर अँड गॅम्बलचा 'शिक्षा' उपक्रम सुरू झाला. म्हणजे कपडे धुवा आणि मुले शिकवा. 2006 मध्ये 'प्रॉडक्ट रेड' आले. आफ्रिकेतील एड्ससाठी लाल रंगाच्या वस्तू घ्यायच्या.

माझी पुण्याची भाची हिंजवडीत नोकरी करते. अशा वस्तू ती मुद्दाम निवडून घेते. मी भागाकार करून दाखवला की ती चिडते. "मामा, तू नुसता हिशेब करत बसतोस. निदान काहीतरी तर होतं ना! बातम्या बघून नुसती तगमग होते, त्यापेक्षा बरं. तू तरी काय करतोस?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला मी दिलेली उत्तरे तिला पटलेली नाहीत.

ॲडम स्मिथने 1759 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात या तगमगीची चिकित्सा केली आहे. समजा, भूकंपाने सगळा चीन गडप झाला. युरोपातील सहृदय गृहस्थ हळहळेल, मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेवर चार शब्द बोलेल आणि रात्री स्वस्थ झोपेल. मात्र उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे असे कळले, तर त्याचा डोळा लागणार नाही. एवढाच भाग सांगून लोक थांबतात. स्मिथ पुढे विचारतो की करंगळी वाचवण्यासाठी तो त्या कोट्यवधी लोकांचा बळी देईल काय? मुळीच नाही. अंतरामुळे भावना क्षीण होते, पण विवेक शिल्लक राहतो. जेम्स आंद्रेओनी या अर्थशास्त्रज्ञाने 1990 च्या सुमारास वेगळी गोष्ट मांडली. देणारा केवळ घेणाऱ्याच्या भल्यासाठी देत नाही. देण्याची एक ऊब असते, ती त्याला हवी असते. माझ्या मते लाल वस्तूच्या किमतीत ही ऊबही आवेष्टित करून विकली जाते. त्यात फसवणूक नाही. रक्कम अल्प आहे, ही माझी तक्रारसुद्धा दुय्यम आहे. मुख्य तक्रार अशी की तगमग शमते आणि जाब द्यायला कोणीच उरत नाही. कोणते खेडे, किती दिवस, हे कंपनी ठरवते. खेड्याला मागण्याचा हक्क नसतो आणि ग्राहकाला विचारण्याचा.

दूर म्हणजे तरी कुठे? पुण्याहून बुंदेलखंड दूर आहे. झाशीत बसलेल्या मला लातूर दूर वाटते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली. पहिल्या फेरीत 10 वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. आपल्या माणसांना रेल्वेने पाणी पोचवावे लागते, या बातमीने जीव कासावीस झाला होता. पुढच्याच महिन्यात रतलामहून तशाच 10 वाघिणी झाशी जंक्शनात आल्या. (हे स्थानक आता वीरांगना लक्ष्मीबाई यांच्या नावाने ओळखले जाते.) पाणी महोब्याला द्यायचे होते. राज्य शासनाने कळवले की पाणी आहे, गाडी नको, वाटपासाठी टँकर द्या. मग पाहणी झाली, तर वाघिणी रिकाम्या निघाल्या. त्या झाशीतच भरायच्या होत्या, असा रेल्वेचा खुलासा आला.

दूरचित्रवाणीवर हे पाहणाऱ्याला वाटले असेल की बुंदेलखंडाला पाणी पाठवायला हवे. वास्तविक महोब्यात चंदेल राजांनी बांधलेली कीरत सागर, मदन सागर यांसारखी तळी आहेत. 2009 मध्ये केंद्राने दोन राज्यांतील 13 जिल्ह्यांसाठी 7,266 कोटी रुपयांचे पॅकेजही मंजूर केले होते. तळ्यांतील गाळ कोणी काढायचा, हातपंप कोणी दुरुस्त करायचा, टँकर कोणत्या वस्तीत आधी जायचा, या प्रश्नांना बाटलीमागच्या पैशांत उत्तर नाही. आणि यांतील एकही प्रश्न माझ्या टेबलावर येत नाही. अधिकारक्षेत्र नावाची वस्तू शासकीय माणसाला असहाय करते आणि सोयीस्कर निमित्तही पुरवते, हे येथे नमूद केलेले बरे.

खरेदीतून काहीच साधत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. सार्वजनिक काका 1877 च्या दिल्ली दरबारात खादी नेसून गेले. त्या कापडाची किंमत म्हणजेच सूत कातणारीची मजुरी होती. वस्तू आणि न्याय यांच्यामध्ये जाहिरात नव्हती.

पण दूरच्या माणसासाठी पैसे देण्याची महाराष्ट्राने काढलेली सर्वांत मोठी वाट बाजारातून गेलीच नाही. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला. 1972 च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे खडी फोडत, माती वाहत होती. पुढे प्रश्न आला पैशाचा. 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या वेतनातून दरमहा कपात, आणि तेवढीच भर राज्य शासनाची. 1977 च्या रोजगार हमी कायद्याने बीडच्या बाईला हे सांगण्याचा अधिकार दिला की मी काम मागितले आहे, पंधरा दिवसांत द्या, नाहीतर भत्ता द्या. 2005 च्या केंद्रीय कायद्याने हाच विचार देशभर नेला.

या योजनेत खोटी हजेरीपटे झाली, मजुरी रखडली, निधीतील मोठ्या रकमा अखर्चित पडून राहिल्या. शासनात आयुष्य घालवलेल्या माणसाने हे झाकण्यात अर्थ नाही. पण विधिमंडळात, न्यायालयात, तहसील कचेरीवरच्या मोर्चात त्याबद्दल प्रश्न विचारता आले, आणि विचारले गेले. कपात होणाऱ्याला मात्र कसलीच ऊब मिळाली नाही. महाराष्ट्रात असताना माझ्याही वेतनातून वर्षाला अडीच हजार जात. कार्यालयात सगळे त्याला 'पी. टी.' म्हणत आणि कुरकुरत. ते पैसे कुठे जातात, असे कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

गेल्या दिवाळीत भाचीला मी तिची वेतनपावती उघडायला सांगितली. पी. टी., दोनशे रुपये. नोकरीला लागल्यापासून ती ते भरत होती आणि ते कशाचे आहेत हे तिला ठाऊक नव्हते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मग यंदाचे माझे पैसे कुठल्या कामाला गेले?" लाल वस्तूबद्दल हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. माहितीच्या अधिकारात अर्ज कसा करतात, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट कुठे लावतात, ते मी तिला सांगितले. मजकूर तिने स्वतः लिहिला. मी फक्त 'कृपया' हा शब्द दोन ठिकाणांहून काढला.