परळहून आईला

पत्र पहिले : अमरावती–मुंबई एक्स्प्रेस, भुसावळ सोडल्यावर

ती. आईस,


फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं रडण्यात जातं, म्हणून लिहून पाठवते आहे. बाबांकडून वाचून घे.

मावशी खालच्या बर्थवर जागीच आहे. मांडीवर फाइल. सोनोग्राफीचा कागद तिचा पाठ झालाय : उजव्या अंडाशयात ९ सेंटिमीटरची गाठ, डाव्यात ६ची, आत पडदे, थोडा घट्ट भाग, पोटात किंचित पाणी. तिला भीतीपेक्षा राग जास्त आलाय. "पिशवी काढली तेव्हाच सगळं गेलं ना? मग आता गाठ काहून आली?"

हा प्रश्न या डब्यातल्या निम्म्या बायका विचारतील. ‘पिशवी काढली’ म्हटलं की आतलं सगळं गेलं, असं आपल्याकडे धरून चालतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. चाळिशीतल्या बाईचं ते काढताना अंडाशयं बहुतेक वेळा ठेवतात, कारण तीही काढली तर हाडांना आणि हृदयाला लागणारं संप्रेरक एकाएकी बंद होतं. ठेवलेलं अंडाशय काम करत राहतं आणि पुढे कधी त्यात गाठही होऊ शकते. मावशीला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. पिशवी काढायला सांगणारे पुष्कळ, मागे काय उरलं ते सांगणारे थोडे. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा मावशीनं त्या बातम्या वाचल्या होत्या. आपलाही त्यांच्याशी काही संबंध आहे असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

गावातल्या पहिल्या डॉक्टरांनी सोमवारीच दुर्बिणीनं काढून टाकू म्हटलं होतं, आणि त्याआधी सुईनं थोडं पाणी काढून तपासू. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी फाइल वाचली आणि म्हणाल्या, "सुई नको. जिथे कॅन्सरच्या गाठी रोज काढतात तिथे जा." कारण साधं आहे. गाठीत कॅन्सर असलाच आणि तो कवचाच्या आत असला, तर पहिल्या टप्प्यातला सगळ्यात बरा प्रकार. तीच गाठ फुटून आतलं पाणी पोटात सांडलं, तर टप्पा वर सरकतो आणि केमोथेरपीची गोष्ट सुरू होते. स्तनातल्या गाठीला आधी सुई घालून बघतात. अंडाशयाची संशयित गाठ शक्यतो अख्खीच बाहेर काढतात.

नाशिक यायच्या आत मावशीनं गणित मांडलं. लंडनच्या डॉक्टरांनी १९९०मध्ये दिलेलं सूत्र आहे : सोनोग्राफीचे गुण, पाळीचे गुण आणि रक्तातलं सीए-१२५, तिन्हींचा गुणाकार. दोन्हीकडे गाठ, पडदे, घट्ट भाग, पाणी यांपैकी दोन खुणा दिसल्या तरी ३ गुण. पाळी गेलेली असेल तर आणखी ३. पिशवी नसलेल्या बाईची पाळी गेली की नाही हे कसं ठरवणार? पन्नाशी ओलांडली असेल तर गेली असं धरतात, आणि मावशी ५८ची आहे. सीए-१२५ आलं ६४, नेहमीची मर्यादा ३५. "तीन त्रिक नऊ, नऊ चोसष्टे पाचशे शहात्तर." २००च्या वर गेलं की तज्ज्ञाकडे पाठवतात. निवृत्त झाली तरी गणिताच्या बाई त्या. कागद घडी घालून फाइलीत ठेवला आणि म्हणाली, "हे उत्तर नाही, ही फक्त पायरी आहे."

नागपूर जवळ असताना मुंबई कशाला, असं काकांनी विचारलं होतं. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, जामठ्याला मोठी संस्था आहे, दोन्हीकडे लोक बरे होतात. पण नागपुरात आपलं राहायला कुणी नाही आणि डोंबिवलीत मामा आहे. निम्मे निर्णय असेच होतात.

पत्र दुसरे : डोंबिवली

ती. आई,

कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपरमध्ये आणि थ्री-एसीत भाडं लागत नाही, आणि मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात बसता येतं. मावशीला यातलं काहीच मिळत नाही, कारण तिला काय झालंय हेच अजून ठरलेलं नाही. त्यामुळे सकाळी बायकांच्या डब्यातून, पोटाशी फाइल धरून, दादरपर्यंत आली, आधी उभ्यानंच. उठून जागा दिली ती एका कोळणीनं.

टाटा रुग्णालय परळला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर आहे. हे बोर्जेस मूळचे गोव्याचे, याच रुग्णालयात नावाजलेले शल्यविशारद. लेडी मेहेरबाई टाटा १९३१मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, त्यानंतर टाटांच्या ट्रस्टनं हे काम हाती घेतलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ला रुग्णालय उघडलं. १९६२पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. इथे मावशी थबकली. "अणुबॉम्बवाल्यांकडे?" किरणोत्साराचं औषधाशीही नातं आहे, हे तिला बाकावर बसल्या बसल्या समजावलं. फाटकाबाहेर बिहार, बंगाल, आसाम, सगळा देश पथारी पसरून बसलेला. नोंदणी, फाइल, कार्ड, मग वाट पाहणं. दुपारपर्यंत मावशीनं शेजारच्या बाईच्या मुलाला लसावि शिकवला होता.

आत मात्र घाई नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आधी पोट तपासलं, मग घरच्यांविषयी विचारलं : आई, बहिणी, मावश्या, आत्या, कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर? बीआरसीए नावाची दोन जनुकं आहेत, त्यांतला दोष आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, म्हणून आत्याही मोजायची. आणखी एक रक्ततपासणी लिहिली, सीईए. पोटाचा किंवा आतड्याचा कॅन्सर कधी कधी अंडाशयात येऊन बसतो. मुक्काम इथे आणि मूळ गाव भलतंच असा प्रकार, आणि तसं असेल तर सगळा बेतच बदलतो. मग एमआरआय.

मावशीनं वहीत तीन प्रश्न लिहून नेले होते. ऑपरेशन कोण करणार, त्यांनी कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचं वेगळं शिक्षण घेतलंय का, आणि पोट उघडल्यावर आतच तपासणी होणार का? बाईंनी तिन्हींची सरळ उत्तरं दिली. कुणी रागावलं नाही. आपल्याकडे डॉक्टरला प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा, ही समजूत मावशीनं स्वतः चाळीस मुलांच्या वर्गात उभं राहून मोडून काढलेली आहे. तिला बरं जमलं.

संध्याकाळी दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत गेलो. गाडगेबाबा आपल्या जिल्ह्यातले, शेंडगावचे, म्हणून मावशीला तिथे पाय ठेवायचाच होता. तिथे परभणीकडची एक सून भेटली, जेमतेम पंचविशीची. पोटात पाणी, अंडाशयाजवळ गाठी, सीए-१२५ शेकड्यांत. गावात लोकांनी वर्गणी काढून, जवळजवळ निरोप देऊनच पाठवलं होतं. तुकडा तपासला तर निघाला पोटाचा क्षयरोग! सहा महिने गोळ्या, त्याही सरकारी, फुकट. आपल्या देशात क्षयरोग हे सोंग पुष्कळदा घेतो. म्हणून निव्वळ रक्ताच्या एका आकड्यावर कुणाला कॅन्सरवाली ठरवू नये. हा आकडा क्षयात वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, गर्भाशयाच्या फायब्रॉइडमध्येही वाढतो. उलट पहिल्या टप्प्यातल्या खऱ्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या बायकांत तो वाढलेला नसतोच.

तू काल म्हणालीस, सगळ्या सुनांची ही टेस्ट करून टाकू. करू नकोस. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक निरोगी बायकांवर हाच प्रयोग वर्षानुवर्षं झाला, रक्त आणि सोनोग्राफी दोन्ही. २०२१मध्ये निकाल आला : त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. त्यापेक्षा पोट सतत फुगणं, दोन घासांत भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार जावं लागणं, यांतलं काही नव्यानं सुरू होऊन आठवडे टिकलं, तर ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा चघळत बसू नका. मावशी दिवाळीपासून ओवाच चघळत होती.

पत्र तिसरे : परळ, ऑपरेशनच्या आदल्या रात्री

ती. आई,

झोप येईना म्हणून मावशीनं गोष्ट मागितली. तिला जेन क्रॉफर्डची सांगितली.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली ही शेतकरीण. १८०९च्या डिसेंबरात तिचं पोट इतकं वाढलं होतं की स्थानिक वैद्यांनी दिवस भरून गेलेत असं ठरवलं. एफ्रेम मॅकडॉवेल नावाचा डॉक्टर आला आणि त्यानं सांगितलं, मूल नाही, अंडाशयाची गाठ आहे. असं ऑपरेशन मी कधी केलेलं नाही, तू डॅनव्हिलला आलीस तर प्रयत्न करीन. ती साठ मैल घोड्यावर बसून गेली. भूल नव्हती, ती यायला अजून सदतीस वर्षं होती. सुमारे दहा किलोची गाठ निघाली. पाचव्या दिवशी डॉक्टर बघायला गेला तर बाई स्वतःचं अंथरूण आवरत होती! पुढे ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होऊन वारली.

"आणि डॉक्टरनं खरं सांगितलं होतं, की पहिल्यांदाच करतोय," मावशी म्हणाली. तिला घोड्यापेक्षा हे मोठं वाटलं. मॅकडॉवेलनं १८१७मध्ये हा वृत्तांत छापला. त्याच लेखात आणखी दोन शस्त्रक्रिया आहेत, दोन्ही काळ्या स्त्रियांवर. क्रॉफर्डबाईंचं नाव आहे, त्या दोघींची नावं नाहीत. त्यांना कुणी विचारलं होतं का, हे मावशीनं विचारलं आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

पत्र चौथे : डोंबिवली

ती. आई,

फोनवर ‘बरी आहे’ एवढंच कळलं असेल. आता सविस्तर.

पोटावर उभा छेद घेतला. दुर्बिणीचे छोटे टाके का नाहीत, हे मामा दोनदा विचारून आला. गाठी अख्ख्या निघायला हव्या होत्या, म्हणून. दोन्ही न फुटता बाहेर आल्या. पोट उघडं असतानाच गाठीचा भाग गोठवून, पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि तिथल्या तिथे शल्यविशारदाला कळवतात. त्या उत्तरावर पुढे किती कापायचं ते ठरतं. हीच सोय गावातल्या सोमवारच्या ऑपरेशनला नव्हती. पोटातल्या चरबीचा पडदाही काढला, आत पाणी फिरवून तेही तपासायला दिलं.

पक्का अहवाल नंतर आला : ‘बॉर्डरलाइन’ ट्यूमर. पेशी बिघडलेल्या आहेत, पण आजूबाजूच्या भागात घुसलेल्या नाहीत. पडद्यात काही नाही, पाण्यात काही नाही. केमोथेरपी नाही. मावशीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "म्हणजे ग्रेस देऊन पास, की काठावर नापास?" बाई हसल्या. म्हणाल्या, पास, पण परीक्षा दर वर्षी. ही गाठ कधी कधी पुष्कळ वर्षांनी परत दिसते, त्यामुळे तपासणी सोडायची नाही. पहिली तारीख तीन महिन्यांनी आहे. अहवालाची एक प्रत इथे मामाकडे आणि एक घरी राहील. गाठीचे मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड रुग्णालयात नोंदीनं आहेत. पुढे कधी दुसरं मत घ्यायचं झालं तर कागदाबरोबर स्लाइडही दाखवाव्या लागतात, हे काकांना आताच सांगून ठेव.

मावशीला जिना चढायची बंदी नाही, वजन उचलायची आहे. लोणच्याच्या बरण्या तिच्यासमोर ठेवू नका, ती उचलेलच.

आणि एक काम. तुझीही पिशवी काढलेली आहे. लोखंडी कपाटात डिस्चार्ज कार्ड असेल, ते शोध आणि अंडाशयं ठेवली होती की काढली होती, ते वाचून मला कळव. कार्ड सापडलं नाही, तर सोनोग्राफी करून घे.