जंगलातला तो शेतकरी

डोना टार्टच्या ‘द सीक्रेट हिस्टरी’ या कादंबरीत एक शेतकरी मरतो. कादंबरी 1992 सालची. कॉलेजातल्या ज्ञानवेडाच्या आणि गुन्ह्याच्या ज्या पुस्तकांना आज ‘डार्क अकॅडेमिया’ म्हणतात, त्यांची सुरुवात बहुतेक वाचक हिच्यापासून धरतात. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं लहानसं हॅम्पडेन कॉलेज, ग्रीक शिकणारे मोजके विद्यार्थी, त्यांच्यावर मोहिनी घातलेला प्राध्यापक आणि सगळ्यांनी मिळून केलेला एका मित्राचा, बनीचा, खून. खून कोणाचा झाला हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं आहे. तो का झाला, हे पुढे उलगडत जातं. शेतकरी मात्र बनीच्या आधीच मेलेला असतो. डायोनायसस या ग्रीक देवाच्या उत्सवातला प्राचीन उन्माद आपल्याही अंगात यावा म्हणून चौघं जण रात्री रानात जातात आणि त्या भरात त्यांच्या हातून एक माणूस मारला जातो. बनीला ते कळतं, म्हणून बनीचाही काटा काढला जातो. बनीपायी ते पुढे पार मोडून पडतात. शेतकऱ्यासाठी तसं कोणी मोडत नाही.

ही कादंबरी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे आणि दर वेळी त्या शेतकऱ्यापाशी अडकले आहे. मी गडचिरोली जिल्ह्यातली. आमच्याकडे जंगलात उन्मादासाठी कोणी जात नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटेच्या अंधारात बाया टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जातात, खाली वाकलेल्या असतात, आणि वाघाला वाकलेलं माणूस जनावरासारखं दिसतं. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी येतात: नाव, वय, गाव. लहानपणी घरात पेपर आला की आई आधी त्या दोन ओळी शोधायची, नाव ओळखीचं आहे का ते बघायला. तीच सवय घेऊन मी कादंबऱ्या वाचते. कोण मेलं, आणि त्याचं नाव किती वेळा घेतलं, हे माझ्याकडून आपोआप मोजलं जातं.

तरीही ‘डार्क अकॅडेमिया’ची ओढ खोटी नाही. नागपूरला होस्टेलवर होते तेव्हा ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटलं की खोली हसायची, आणि गाव सांगितलं की पुढचा प्रश्न नक्षलवाद्यांचाच असायचा. त्या दिवसांत मेरी शेलीचं ‘फ्रँकेनस्टाइन’ हाती आलं. 1818 सालची ती कादंबरी मला राक्षसाची वाटलीच नाही. एका विद्यार्थ्याची वाटली. इंगोलस्टाटच्या विद्यापीठात ज्ञानाने झपाटलेला आणि आपण काय जन्माला घातलंय हे पाहताच पळून जाणारा. आणि त्याने टाकून दिलेला तो जीव एका झोपडीच्या आडोशाला लपून, भिंतीच्या फटीतून ऐकत ऐकत भाषा शिकतो! विद्येच्या दाराबाहेर राहून शिकणाऱ्या कोणाचंही इतकं खरं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

टार्टचा निवेदक रिचर्ड हा त्याच जीवाचा वंशज. कॅलिफोर्नियातल्या साध्या घरातला मुलगा. श्रीमंत ग्रीकवाल्यांच्या कंपूत शिरण्यासाठी बापाचा धंदा आणि घर दोन्ही लपवतो. हिवाळ्याच्या सुट्टीत राहायला जागा नाही हे सांगायची त्याला लाज वाटते, म्हणून छताला भोक पडलेल्या खोलीत बर्फात गोठून मरायला टेकतो. आत घेतलं जावं म्हणून तरुण माणूस काय काय किंमत मोजायला तयार होतो! रहस्य, मेणबत्त्या, जुन्या इमारती हा सगळा वरचा साज. या वाङ्मयाचा गाभा त्या गोठलेल्या खोलीत आहे. मराठीत ‘कोसला’ने 1963 सालीच याच्या उलट वाट धरली होती. पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या कॉलेजातून हरून सांगवीला परत येतो. तो काही लपवत नाही, आणि म्हणून मला तो रिचर्डपेक्षा मोठा वाटतो.

पण त्या शेतकऱ्याचं काय, याचं उत्तर मला भवभूतीकडे सापडलं. हा संस्कृत नाटककार आपला, विदर्भातल्या पद्मपूरचा; संशोधक वा. वि. मिराशींनी हे पद्मपूर आमगावजवळचं ठरवलं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतलंच. त्याच्या ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात राम दंडकारण्यात येतो तो शंबूकाला मारायला. शूद्र असून तप करतो, एवढाच शंबूकाचा अपराध. ज्ञानाच्या बंद वर्तुळासाठी रानात पडलेला हा बळी व्हरमाँटच्या शेतकऱ्याहून हजारेक वर्षांनी जुना आहे. मात्र भवभूती पुढे जे करतो, त्याने मी बीएच्या वर्गात सुन्न झाले होते. मेलेला शंबूक दिव्य रूपात परत उभा राहतो, रामाचे आभार मानतो आणि तोच त्याला दंडकारण्य दाखवतो: त्या दऱ्या, त्या नद्या, जिथे राम सीतेबरोबर राहिला होता. मारलेल्या माणसाला मारणाऱ्याचे आभार मानायला लावणं मला आजही सहन होत नाही. पण भवभूतीने त्याला नाहीसं होऊ दिलं नाही, रंगभूमीवर उभं केलं, बोलतं केलं. टार्टच्या शेतकऱ्याला एक वाक्यही मिळालेलं नाही.

त्याच दंडकारण्याच्या पट्ट्यात, आमच्या जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) नावाचं गोंडांचं गाव आहे. तिथे वर्षानुवर्षं अभ्यास गट चालत आले. गावातली माणसं आणि बाहेरून आलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे अभ्यासक एकत्र बसून कायदा वाचायचे, जंगल समजून घ्यायचे, वाद घालायचे. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेणार. या सगळ्यात पुढे असलेले देवाजी तोफा त्या गावचेच. याच अभ्यासातून 2009 साली गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आमच्या जिल्ह्यातला बांबू त्याआधी कित्येक वर्षं बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये जात होता. त्याचा कागद व्हायचा, पुस्तकं व्हायची, आणि तोडणाऱ्याच्या हाती फक्त मजुरी यायची. मिलिंद बोकिलांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आहे. एखाद्या अभ्यासमंडळाचं दार कसं असावं असं मला कोणी विचारलं, तर मी हॅम्पडेन कॉलेजकडे नाही, मेंढ्याकडे बोट दाखवीन.

आता आमच्या गडचिरोलीतल्या कॉलेजच्या मुलींच्या हातात टार्ट दिसते तेव्हा मला आनंद होतो. त्यांनी ती वाचावीच, आणि तिच्या शेजारी ‘उत्तररामचरित’ही ठेवावं; मराठी भाषांतरं आहेत, नाटक मोठं नाही. तो शेतकरी आला की मात्र पान घाईने उलटू नका.