जोंधळ्याची पट्टी

सोलापुरात राहून घरी हाताने पांघरूण विणायला बसणे म्हणजे कोल्हापुरात राहून चुलीवर गूळ रांधायला बसण्यासारखे आहे. लोक हसतात आणि त्यांचे हसणे रास्तच असते. आमच्या शेजारच्या अक्कांच्या घरी तीन पिढ्या चादरींचे माग चालले. माझ्या मांडीवरचा सुताचा पसारा पाहून त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ताई, एवढ्या वेळात आमच्याकडं गाडीभर चादरी निघतात की! आणि उन्हाळा बघा की बाहेर!"

उन्हाळ्याचे त्यांचे म्हणणे तर अगदीच खरे होते. मी हे काम वैशाखात आरंभले होते. त्या दिवसांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जाऊन बसलेला असतो आणि पांघरुणाचे नाव काढले तरी घाम फुटतो. म्हणून तर लोकर न घेता सुती दोरा घेतला होता. पण अक्कांना खरे कारण सांगायला त्या दिवशी मला धीर झाला नाही.

आमचे घर मुळी सुतावरच उभे राहिलेले. सोलापूरची जुनी मिल 1877 साली सुरू झाली आणि तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या. पुढे शंभर वर्षे हे गाव भोंग्यावर उठले आणि भोंग्यावर जेवले. माझे वडील, अण्णा, एका गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर ते पूर्व भागात एका कारखान्यात चादरीच्या यंत्रमागावर उभे राहिले. तो भाग तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा तिथले माग थांबतात. एरवी त्या गल्ल्यांतून खटक-खटक हा नाद चुकायचा नाही.

सोलापुरी चादर आपण सगळ्यांनी पांघरली आहे, पण ती उलटून किती जणांनी पाहिली असेल? एका बाजूला लाल जमिनीवर पांढरे फूल असले, तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर तेच फूल लाल दिसते. ही करामत मागावर बसवलेल्या जेकार्डची. फ्रान्समधल्या जाकार नावाच्या कारागिराने 1804 च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकांवरून कोणता उभा धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे यंत्राला कळते. अण्णा म्हणत, "चादर विणायच्या आधीच विणून झालेली असते. आपण फक्त धागा तुटू द्यायचा नाही."

आईचे विणणे नेमके याच्या उलट. तिच्याजवळ एक सुई आणि एक धागा. क्रोशा या फ्रेंच शब्दाचा अर्थच लहानसा आकडा. त्या आकड्याने एका फासातून दुसरा फास ओढायचा, की झाली साखळी. साखळीवर मुका खांब, अर्धा खांब, पुरा खांब. पुढचे सारे त्यातूनच निघते. अण्णांची रातपाळी असली की आई उंबऱ्याशी बसून क्रोशा करीत असे. तोरणे, ताटावरचे रुमाल, रेडिओचा झगा, असे काय काय त्या बोटांतून उतरे. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचा दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाच्या लेसवर घरे जगवली. गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूरलाही याच कामावर कितीतरी घरांच्या चुली पेटत आल्या आहेत. हे मी पुढे पुस्तकांत वाचले आणि मोठे नवल केले. पण अण्णांची गिरणी बंद पडली त्यानंतरचे दीड वर्ष, धाकट्या भावाची कॉलेजची फी आईच्या तोरणांतून जात होती, त्याचे नवल मला कधी वाटले नव्हते. तोरणे कागदात गुंडाळून दुकानात पोचवायला अण्णा स्वतः जात. आम्ही मात्र त्याला 'आईचा विरंगुळा' म्हणत होतो. पुढे माझ्या घरी नवे फर्निचर आले, तेव्हा तिचे सारे रुमाल मी ट्रंकेत टाकले. जुनाट दिसतात म्हणून.

अण्णा गेल्यावर आई माझ्याकडे आली. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. ती चालताना दाराच्या चौकटीला खांदा घासू लागली. ताटाच्या डाव्या बाजूची चटणी तशीच राहू लागली. एकदा बाजूला ठेवलेले दुधाचे पातेले तिने लवंडले. मी म्हणाले, "आई, नीट बघत जा ना जरा!" वयच झाले आहे, लक्ष नसते, असे आम्ही घरातल्यांनी ठरवून टाकले. ती बिचारी काही बोलली नाही. डॉक्टरांकडे नेले तोवर दीड वर्ष उलटले होते.

काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही. आधी बाजूची नजर चोरून नेतो आणि समोरचे दिसत असते म्हणून माणसाला चोरी कळतच नाही. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने नेलेली नजर परत मिळत नाही, उरलेली तेवढी औषधाने राखायची. डॉक्टरांनी हे मला फार सौम्यपणे सांगितले. आईला दिसत नव्हते आणि मी तिला 'नीट बघ' म्हणत होते!

पुढे तिला माणसांच्या सावल्या तेवढ्या दिसू लागल्या. ती दिवसभर कॉटवर बसून पदराचा काठ बोटांनी चाचपत राही. एकदा पाहिले, तर ट्रंकेतला एक जुना रुमाल तिने कुणाकडून तरी काढून घेतला होता आणि त्यावरून ती बोट फिरवीत होती. एक एक खांब मोजत होती. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी उठून मी दोरा आणायला गेले.

पट्ट्यापट्ट्यांचे पांघरूण करायचे ठरवले. रंगांच्या पट्ट्या डोळे असलेल्यांसाठी. आईसाठी प्रत्येक पट्टीचा टाका वेगळा. एकशे साठ साखळ्या, रुंदी साडेतीन फूट. सहा-सहा ओळींच्या चोवीस पट्ट्या. पहिली नुसत्या मुक्या खांबांची, सपाट आणि घट्ट. दुसरीत सुई टाक्याच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यातून घालायची, म्हणजे उंचसखल रेघा उठतात. तिसरीत एकाच घरात पाच अर्धवट खांब घेऊन ते एकदम मिटायचे. टपोरा दाणा पुढे येतो. चौथीत मागच्या ओळीतल्या खांबांना कमरेत धरून एकमेकांवरून ओलांडायचे. पुन्हा पहिल्यापासून.

चार पट्ट्या झाल्यावर मी ते आईच्या मांडीवर ठेवले.

"काय करलालीस गं एवढ्या उन्हाचं?" असे म्हणत तिने हात ठेवला, आणि मग ती बराच वेळ बोललीच नाही. बोटे मात्र हिंडत होती. शेवटी म्हणाली, "ही कडक भाकरी. ही काळ्या रानातली सरी. हा जोंधळा, चांगला हुरड्याला आलाय. आणि ही..." ती हसली. "ही तुझी शाळेतली वेणी."

तेव्हापासून पट्ट्यांची तीच नावे. रंगही तिने विचारून घेतले. भाकरी पांढरी, सरी तपकिरी, जोंधळा हळदी, वेणी मोरपंखी. रोज संध्याकाळी ती नव्या ओळी तपासू लागली. मी तेराव्या पट्टीवर होते, तेव्हा तिचे बोट मागे जाऊन अकराव्या पट्टीत थांबले.

"इथं एक दाणा नाही."

मी चष्मा लावून पाहिले. खरेच नव्हता. म्हटले, "आई, एका दाण्यानं काय होतंय? कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसलं की," ती म्हणाली. "उसव."

जवळजवळ पंधरा ओळी होत्या. आठवडाभराचे काम. मी सुई काढली आणि दोरा ओढला. फासामागून फास सुटत गेला. आई गुंडा करीत बसली. मागावर चूक विणली गेली, तर ती चादरीबरोबर बाजारात जाते. क्रोशाचे तसे नाही. शेवटचा फास सोडला की हवे तितके मागे जाता येते आणि दोरा जसाच्या तसा पुन्हा हातात येतो. ओढता ओढता माझ्या मनात आले, त्या दीड वर्षाचे टोक असे कुठे सापडते का? दुधाच्या पातेल्यापर्यंत जरी मागे जाता आले असते! डोळे भरून आले आणि धागा दिसेना. आईने गुंडा थांबवला. "दे इकडं सुई," ती म्हणाली. "किती साखळ्यांवर दाणा घेतलास?"

अकराव्या पट्टीतला उरलेला जोंधळा तिने घातला. उजव्या हाताने विणायचे, डाव्या अंगठ्याने वाचायचे. पंधरावी पट्टीही तिचीच. तिचे दाणे माझ्यापेक्षा बारीक आणि घट्ट आहेत. डोळे मिटून हात फिरवला तर चटकन कळतात.

हा आजार आईकडून मुलाकडे येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी माझेही डोळे तपासले. दाब वाढलेला निघाला. वेळेवर कळले, रोज रात्री एक थेंब घालायचा. वाचकहो, चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने एकदा तरी हा दाब मोजून घ्यावा, आणि घरातले म्हातारे माणूस चौकटीला धडकू लागले तर त्याला रागे भरू नये, एवढे मला सांगायचे आहे. आता रात्री आम्ही दोघी एकापाठोपाठ थेंब घालतो आणि डोळे मिटून पडून राहतो. तेवढ्या वेळात ती मला न बघता दाणा कसा मिटायचा ते शिकवते. मी अजून चुकते.

पांघरूण दसऱ्याला पुरे झाले. अक्का मुद्दाम पाहायला आल्या. त्यांनी सवयीने ते उलटून पाहिले, दाण्यांवरून हात फिरवला आणि आईशेजारी बसून म्हणाल्या, "हे आमच्या मागावर नाही निघायचं."

आई खूष झाली. आता दिवसभर ते पांघरूण तिच्या मांडीवर असते आणि आल्यागेल्याला ती जोंधळा दाखवते. रात्री मात्र घडी करून उशाशी ठेवते आणि पांघरायला मागते अण्णांची जुनी चादर. म्हणते, "हे वाचायचं आहे. झोपायला आपली चादरच बरी."