पाचोळ्याची माती

बाग म्हटलं की लोकांना फुलं आठवतात, मला पाचोळा आठवतो. लहानपणी वडील आम्हाला पुण्याच्या एम्प्रेस गार्डनला न्यायचे. झाडांवर चढलेल्या जाडजूड महावेलींवर भावंडांचा डोळा असायचा, माझा मात्र खालच्या जमिनीवर. वरची कुरकुरीत पानं बाजूला केली की खाली ओलसर काळी माती लागायची. झाड आपलं अंथरूण आपणच घालतं, असं वडील म्हणायचे.

पुढे नोकरी-संसारात बाग उरली ती लेकीला खेळवण्यापुरती. सारसबाग, पेशवे पार्कातली फुलराणी, आणि रोजची म्हणजे घराजवळची महापालिकेची छोटी बाग. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ, कडुनिंब, वर्षावृक्ष पानं टाकायला लागले की तिथे ढीग रचले जायचे आणि त्यांना काडी लागायची. लेकीला दमा. ते आठवडे आम्ही खिडक्या लावून घरात काढायचो, आणि ते आठवलं की आजही जीव तुटतो.

२०१६च्या घनकचरा नियमांनी कचरा जाळायला बंदी केली. त्याच डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड ठरवला. आमच्या बागेतला धूर थांबला. पण आता पानं पोत्यांत भरून बाहेर जाऊ लागली, आणि पावसाच्या तोंडावर त्याच बागेत विकतच्या खताची गाडी येऊ लागली. घरचं खत घालवून बाहेरचं आणायचं, हा व्यवहार मला कधीच पटला नाही.

निवृत्त झाल्यावर शेजारच्या काही जणींनी आणि बागेच्या माळीदादांनी मिळून मागच्या कोपऱ्यात जाळीचं कुंपण उभं केलं. खाली मोकळी जमीन, वर बागेतलीच पानं. ‘‘काकू, नुसत्या सुक्या पानांनी भागत नाही, हिरवंही पाहिजे,’’ म्हणत दादांनी लॉनचं कापलेलं गवत थराथरात पसरलं, शेणाचं पाणी शिंपडलं, पायांनी ढीग दाबला. दर आठवड्याला पाणी. महिन्याभरात आत हात घातला तर ऊब लागली. पानापानांत बुरशीचे पांढरे धागे पसरले होते. पाऊस सुरू झाला तेव्हा छातीएवढा ढीग गुडघ्याखाली आला होता, आणि तळाशी तीच माझी ओळखीची काळी माती. ती आम्ही बकुळीच्या आळ्यात घातली.

डास होतील, बाग अस्वच्छ दिसेल, असं लोक म्हणतात. डासांना साचलेलं पाणी लागतं, ओला पाचोळा नाही. आणि झाडाखाली पानं पडलेली असणं ही अस्वच्छता नव्हेच. सुशोभीकरण म्हणून बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक भिडवतात, मुळांना पाणी मिळेनासं होतं, त्याला मात्र आपण सुधारणा म्हणतो! बाग सुधारायची तर आधी माती सुधारली पाहिजे आणि माळ्यांची संख्या वाढली पाहिजे. कारंजी नंतर.

पुण्यात ब्राउन लीफ नावाचा गट पानं जास्त झालेल्यांची आणि पानं हवी असलेल्यांची गाठ घालून देतो. तुमच्या गावात असं कुणी नसेल तरी अडत नाही. पानगळ सुरू होण्याआधी बागेच्या माळ्याशी बोला आणि क्षेत्रीय कार्यालयात दोन ओळींचा अर्ज द्या: आमच्या बागेतली पानं बाहेर नेऊ नका, त्यांना बागेतच एक कोपरा द्या.