कापसाची पिशवी

बाबांच्या ऑपरेशनच्या सकाळी आईने थर्मास, शाल आणि फायलींच्या जोडीला कापसाची एक छोटी पिशवी घेतली, तेव्हा मी जरासा चिडलोच. तिथे का वाती वळत बसणार आहेस, असं काहीतरी बोलूनही गेलो असेन. आयसीयूबाहेर फिनेलचा वास होता, आणि रात्र झाली की दिवस उजाडला हे कळू न देणारा ट्यूबलाइटचा पांढुरका उजेड. मी दर पाच मिनिटांनी मोबाइल उघडून आजाराविषयी नको नको ते वाचत होतो. ती मात्र सरकी नखाने वेगळी करत, भस्माचं बोट लावून, मांडीवर वात लांबवत होती. पीळ जास्त झाला तर वात तेल ओढत नाही, कमी झाला तर उसवते. तिचं सारं लक्ष त्या अर्ध्या विताच्या पिळात.

ताणाच्या दिवसांत श्वासाकडे लक्ष द्या, हातांना काम द्या, कुणाशी तरी बोला, असं हल्ली डॉक्टर सांगतात, आणि ते खरंच आहे. पण ‘स्वतःची काळजी घे’ असं आईला कुणी म्हटलं असतं तर ती संकोचून पदर सावरत उठली असती. तिच्या पिढीला स्वतःच्या अर्ध्या तासालाही देवाचं निमित्त लागे. चातुर्मासात लाखवातीचा नेम धरायचा. मग दुपारच्या निवांतपणाला कुणी नावं ठेवत नसे.

जात्यावरच्या बायकांचं तरी काय निराळं होतं? दळण घराचं, ओवी आपली. खुंट्याला दोघींचे हात, एकीने मूठमूठ वैरण घालायची, आणि दिवसा ज्याला तोंड फोडता येत नसे ते सासरचं, माहेरचं, गेलेल्या लेकराचं दुःख पहाटेच्या अंधारात दगडाच्या घरघरीत मिसळून टाकायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो आकडा वाचताना मला लाखवातच आठवली. अर्थात जातं काही सुखाचं नव्हे. गिरणी आली तेव्हा कित्येकींचे खांदे सुटले असतील. फक्त पिठाबरोबर ती पहाटही गिरणीत गेली.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढलं, हे आपण कौतुकाने सांगतो. त्या वर्षांत इकडे पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंचे हात कशात गुंतत असतील, असं मला उगीचच वाटत राहतं. १९१२ साली त्या गेल्या. टिळक सुटले १९१४ मध्ये.

दवाखान्यातल्या दुसऱ्या रात्री समोरच्या बाकावरची एक बाई, बोलण्यावरून सोलापूरकडची, बराच वेळ आईच्या हातांकडे पाहत होती. तिचा मुलगा आत होता. शेवटी ती उठून शेजारी येऊन बसली आणि तिने नुसता हात पुढे केला. आईने त्यावर कापसाचा पुंजका ठेवला. मग दोघी कितीतरी वेळ काही न बोलता वळत राहिल्या. पहाटे नर्सने त्या बाईला आत बोलावलं, तशी ती गडबडीने उठून ओंजळीतल्या वाती परत देऊ लागली.

“राहू द्या,” आई म्हणाली, आणि उरलेला कापूसही तिच्या पिशवीत घातला.