गोठणपूरची यादी

आमच्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला, बारीक टाइपात एक ओळ असायची. हे साप्ताहिक मालक, मुद्रक, प्रकाशक व संपादक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून कुरुंदवाड येथे प्रसिद्ध केले. १८६७ सालच्या कायद्याने ती घालावी लागे. चारही जागी नाव माझंच. अंक सायकलवरून टाकणाराही मीच, पण त्याची नोंद कायदा मागत नसे. पोट छापखान्यावर चालायचं: लग्नपत्रिका, बिलबुकं, पाणी संस्थांच्या पावत्या. साप्ताहिक हौसेचं. सरकारी जाहिरात मिळाली तर त्या महिन्याचा कागद सुटायचा.

ऑगस्ट २०१९ मध्ये हे सगळं पाण्यात गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना पंचगंगा धोक्याच्या पातळीवर आली असं मानतात. त्या वेळी ती ५५ फुटांच्या वर गेली. कोल्हापूरचं पाणी पुढे आमच्याकडे येतं, आणि आमच्यापुढे कृष्णा तुंबलेली असते. दोन्ही नद्यांच्या बेचक्यात बसलेलं हे गाव. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदीचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं, की हात जोडायचे आणि मग सामान माळ्यावर चढवायला लागायचं, ही इथली रीत. त्या वर्षी माळेही बुडाले.

पाणी उतरल्यावर पंचनामे सुरू झाले. भत्ते, धान्य, अनुदान यांच्या रांगा लागल्या. त्यात घरांच्या पडझडीचा मामला सर्वांत अवघड होता. आपत्ती निधीच्या तेव्हाच्या निकषाप्रमाणे घर पूर्ण पडलं तर ९५,१०० रुपये. अंशतः पडझड म्हटली तर पक्क्या घराला ५,२००, कच्च्याला ३,२००. म्हणजे फॉर्मवर एक शब्द इकडचा तिकडे झाला की नव्वद हजारांचा फरक. मातीच्या भिंतीचं घर आठवडाभर पाण्यात उभं राहिलं की ते पडलेलं नसलं तरी राहण्याजोगं उरत नाही. ते पूर्ण की अंशतः, हे कोण ठरवणार?

ते ठरलं होतं, हे मला एका संध्याकाळी कळलं. एका सरकारी कार्यालयातले एक कर्मचारी (कार्यालय कुठलं ते सांगत नाही) छापखान्यात आले. मी चिखल खरवडत होतो. त्यांनी पिशवीतून झेरॉक्स काढली. आमच्या गावातल्या गोठणपूर भागातल्या आणि आसपासच्या घरांची यादी, कोपऱ्यात ‘गोपनीय’ असा जांभळा शिक्का. पहिल्या पाहणीतला शेरा एका रकान्यात, ‘सुधारित’ शेरा दुसऱ्यात. पहिल्या रकान्यात ‘पूर्ण’ असलेली कितीतरी घरं दुसऱ्यात ‘अंशतः’ झाली होती. दोनचार ठिकाणी उलटंही झालं होतं.

“सर, हे माझ्याकडनं गेलंय म्हणून कळलं तर पोरंबाळं उघड्यावर येतील बघा,” एवढं बोलून ते गेले. चहासुद्धा घेतला नाही.

कागद हातात आला म्हणून तो खरा होत नाही. पुराच्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर धरणांच्या विसर्गाची किती पत्रं फिरली होती, त्यातली निम्मी कोणीतरी घरी बसून केलेली. मी यादी घेऊन घरोघर फिरलो. नाव विचारायचं, भिंती बघायच्या, पाहणीला कोण आलं होतं, काय बोलले ते लिहून घ्यायचं. एका म्हातारीच्या घराला मागची भिंतच नव्हती, ताडपत्री लावली होती. यादीत तिचं घर ‘अंशतः’. उलट, एक घर मला धड दिसलं, यादीत ते ‘अंशतः’चं ‘पूर्ण’ झालं होतं. आत गेलो तर जमीनच खचलेली. तो बदल बरोबर होता. म्हणजे सुधारित रकान्यातलं सगळंच लबाडीचं नव्हतं, हेही फिरल्यामुळेच कळलं, आणि बातमीत मी तसं लिहिलं.

छापताना लोकांची नावं काढली, घरं फक्त गल्लीने सांगितली. समासात कोणाच्या तरी आद्याक्षरांची सही होती, ती पांढऱ्या शाईने झाकली. ज्यांच्यावर ठपका येत होता त्यांना अंक मशिनवर जाण्याआधी विचारलं. उत्तर आलं नाही, तेही छापलं. मशिन तेव्हा धड चालत नव्हतं, अंक इचलकरंजीहून छापून आणला, आणि तळाच्या ओळीत मुद्रणाची जागा त्याप्रमाणे बदलली.

अंक निघाल्यावर फोन आला. मग बोलावणं. साहेब आवाज न चढवता बोलत होते. बातमी चूक आहे असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांचा प्रश्न एकच होता: कागद कोणी दिला? मी सांगत नाही म्हटल्यावर त्यांनी टेबलावर पेन्सिल आपटत ‘ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट’ असं इंग्रजीत म्हटलं. तीन वर्षं आत जावं लागेल, सरकारी जाहिरातीचं तर विसराच. बाहेर बाकावर तेच कर्मचारी बसले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

जयसिंगपूरच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी कायदा काढून दिला, म्हणाले, वाचा आधी, मग घाबरा. १९२३ चा कायदा. त्याचं मूळ १८८९ मधलं. त्या साली कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने काश्मीर-गिलगिटबाबतचा सरकारी कागद छापला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी इथे पहिला गुप्ततेचा कायदा केला. पुढे कर्झनने तो कडक केला. आजच्या कायद्याचं पाचवं कलम मोठं विचित्र आहे. गुपित देणारा गुन्हेगार, तसा जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार. पण गुपित म्हणजे काय, ते कायद्यात कुठेच नीट सांगितलेलं नाही. कागदातलं खरं आहे का, लोकांना ते कळण्याची गरज होती का, याबद्दल त्या कलमात चकार शब्द नाही. वकील म्हणाले, “सरकारच्या अधिकाराने तक्रार झाल्याशिवाय कोर्ट याची दखलच घेत नाही. तेरावं कलम बघा. एखाद्या साहेबाच्या मनात आलं म्हणून भागत नाही.”

मग त्यांनी खटले सांगितले. शंतनू सैकिया नावाच्या पत्रकाराने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निर्गुंतवणुकीवरची मंत्रिमंडळाची टिपणी ‘फायनान्शियल एक्स्प्रेस’मध्ये दिली. त्यातून तो आरोपमुक्त झाला २००९ मध्ये, म्हणजे दहाएक वर्षांनी. नुसता ‘सिक्रेट’ शिक्का मारल्याने कागद या कायद्यात बसत नाही, असं दिल्लीच्या न्यायालयाने म्हटलं. पत्रकार इफ्तिखार गिलानी २००२ मध्ये अटक होऊन सात महिने तिहारमध्ये राहिला आणि शेवटी सरकारनेच खटला मागे घेतला. आपल्याकडचं प्रकरण देवळालीचं. २०१७ मध्ये पूनम अगरवाल या पत्रकाराने जवानांना अधिकाऱ्यांची घरकामं करायला लावण्याच्या सहायक पद्धतीचं छुपं चित्रीकरण केलं. त्यात दिसलेले लान्स नायक रॉय मॅथ्यू पुढे मृतावस्थेत सापडले, आणि अगरवाल यांच्यावर या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०१९ मध्ये रद्द केला. त्याच वर्षी ‘द हिंदू’त एन. राम यांनी छापलेल्या राफेलच्या कागदांवरून सर्वोच्च न्यायालयात ६ मार्चला अ‍ॅटर्नी जनरल ‘कागद चोरीचे आहेत’ असं म्हणाले, आणि १० एप्रिलला न्यायालयाने सरकारचा आक्षेप फेटाळला.

“म्हणजे सुटतात सगळे,” मी म्हटलं.

“सुटतात. पण दहा वर्षं तारखा कोण खाणार? तुम्ही हिंदू पेपर आहात का?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी आगरकर काढून वाचले.

कोल्हापूर जिल्ह्यात पेपर चालवणाऱ्याला टिळक-आगरकरांचं कोल्हापूर प्रकरण माहीत असतंच. जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. आगरकर ‘केसरी’चे संपादक, टिळक ‘मराठा’चे. वर्षभरातच कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे, त्यांना वेडं ठरवलं जात आहे, अशा बातम्या पुण्यात पोचू लागल्या. संशय कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर. मग बर्व्यांची म्हणून काही पत्रं बाहेर आली. कारस्थानाची, खाजगी, कोणीतरी आतून फोडलेली. दोन्ही वृत्तपत्रांनी ती हकीकत छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि कोर्टात पत्रं बनावट निघाली. जामिनासाठी जोतीराव फुल्यांनी खटपट केली, रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांची हमी दिली. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगातून ते २६ ऑक्टोबरला सुटले. त्या एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं. महाराज त्याच्या पुढच्या वर्षी, १८८३ च्या नाताळात, अहमदनगरला गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत गेले. छळाची शंका अगदीच निराधार होती असं मग कोणी म्हणेना. पण छापलेली पत्रं खोटी होती ती खोटीच राहिली.

मला त्या खटल्यात एक गोष्ट पटते. टिळक-आगरकरांना शिक्षा झाली ती कागद खोटा निघाला म्हणून. तो आतून कसा फुटला याच्याशी त्या कोर्टाला देणंघेणं नव्हतं. परक्या सरकारचं कोर्ट, तरी त्याने विचारलं, हे खरं आहे का? माझ्या समोर बसलेल्या साहेबांना खरंखोटं ठाऊकच होतं, म्हणून ते विचारत नव्हते. खोट्यासाठी मला कोर्टात खेचा, ओळनओळ सिद्ध करायला लावा, मी येतो. खरं छापल्याबद्दल मात्र फौजदारी नको.

हे मी आमच्या कट्ट्यावर बोललो तर पहिला विरोध केला तो सुभेदारमामांनी. सैन्यात आयुष्य गेलेला माणूस, आता उसात. या भागातली कितीतरी पोरं फौजेत आहेत, त्यामुळे त्यांचं बोलणं नुसतं ऐकून सोडता येत नाही. “उद्या आमच्या गाडीचा रस्ता छापशील? खरंच असतंय की ते. सव्वीस-अकराला टीव्हीवाल्यांनी काय केलं? नरिमन हाऊसवर कमांडो उतरायले आणि तिकडं पाकिस्तानात बसून बघायलेत.” ते चुकीचं बोलत नव्हते. कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वाहिन्यांच्या त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले आहेत. मी म्हटलं, मामा, जिथे माणूस मरेल तिथे छापणाऱ्यालाही धरा, पण माणूस कसा मरणार होता ते सरकारने कोर्टात दाखवू दे. गोठणपूरच्या भिंतींनी कुठल्या शत्रूला मदत होते? मामा म्हणाले, “ते ठरवणार कोण? तू?” मी म्हटलं, न्यायाधीश. “आणि तोवर गाडी उडाली तर?” त्यावर आमचं कधीच जुळलं नाही. अजूनही नाही. अमेरिकेत १९७१ मध्ये व्हिएतनामचे कागद छापायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वाट मोकळी केली, ती तीन मतं मामांच्या बाजूची, असं मी त्यांना सांगितलं. त्यावर ते खूश झाले.

कागद देणाऱ्याचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो. नोकरीत गुप्ततेचं बंधन त्यांच्यावर होतं, माझ्यावर नव्हतं. नियमाने बघितलं तर त्यांनी नियम मोडला. खात्याने चौकशी केली असती तर त्यांच्या बाजूने उभं राहायलाही मला जमलं नसतं, कारण उभं राहिलो की नाव फुटलं. पुढे त्यांची बदली झाली. शिक्षा म्हणून की नेहमीची, ते त्यांनाही कळलं नसावं.

माझ्यावर गुन्हा दाखल झाला नाही. जाहिराती मात्र आटल्या. वकिलांच्या सांगण्यावरून मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि तीच यादी मागितली. २००५ च्या त्या कायद्याचं चौथं कलम सांगतं की अनुदानाच्या योजनेत कोणाला किती दिलं, ते कार्यालयाने कोणी न मागताही जाहीर करायचं असतं. पानाला दोन रुपयांप्रमाणे पैसे भरले, यादी टपालाने आली. दोन्ही रकाने तसेच होते, आणि शिक्काही. मधल्या काळात काही घरांची फेरपाहणी झाली होती. त्या म्हातारीचं घर त्यात होतं, शेजारचं नव्हतं. का, ते यादीत लिहिलेलं नव्हतं.

जुलै २०२१ मध्ये परत पाणी आलं. या वेळी एक पत्र फिरलं, सरकारी छापील शीर्षाचं, ‘अतिगोपनीय’ लिहिलेलं. त्यात होतं की खालच्या धरणाचे दरवाजे मुद्दाम बंद ठेवले आहेत आणि आमचं गाव दोन दिवसांत रिकामं करायचं ठरलंय. लोक गाठोडी बांधायला लागले. शेजारचा किराणावाला मोबाइल घेऊन छापखान्यात आला. “मागच्या खेपेला गोपनीय छापलं की, दादा. आता का गप्प?”

मी त्याला पत्र मोठं करून दाखवलं. जावक क्रमांक नव्हता. तारखेच्या जागी पुढच्या महिन्याची तारीख. सही करणाऱ्याचं पद असं लिहिलेलं, जे त्या खात्यात नसतंच. मी दोनतीन ठिकाणी फोन करून विचारलंही होतं.

“जावक क्रमांकाचं काय घेऊन बसलाय?” तो चिडून म्हणाला. “पाणी थेटर चौकात आलंय.”

पाणी आलं होतं, हे खरंच होतं. त्याच्या दुकानातली साखरेची पोती अजून खालीच होती. आधी ती वर नेली, मग त्याने आणि त्याच्या पोराने माझ्या कटिंग मशिनची मोटर सोडवायला हात लावला.