मस्टरवरचे नऊ

नारायण सुर्वे शिकवताना आम्ही हमखास 18 जानेवारी 1982 पाशी जाऊन थांबतो: दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार, मोडलेला संप. ('माझे विद्यापीठ' 1966 चे, हे ठाऊक असूनही.) मागे एकदा, वसई पूर्वेला गोखिवऱ्यातील एका गाळ्यात प्रेसवर काम करून वर्गाला येणाऱ्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, संपावर जायला आधी मस्टरवर नाव लागतं ना?"

त्याच्या गाळ्यात माणसे 18, मस्टरवर 9. राज्य कामगार विमा 10 कामगारांपासून लागू होतो, हे मालकाला आमच्याहून चांगले ठाऊक. पुढे प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. दवाखान्याचे बिल मालकाने भरले. 'अपघात' हा शब्द मात्र कोठेही लिहू दिला नाही.

गिरणीतल्या बदली कामगाराकडेही निदान बदली कार्ड असे. अन्यायाला कागदाचा पुरावा होता. आमच्या अभ्यासक्रमातला कामगार अजून लालबाग-परळातच उभा आहे.

कामगार आयुक्तालयासाठी अर्ज लिहायला आम्ही दोघे बसलो. 'कधीपासून कामावर' येथवर आला आणि तो थांबला. पेन डाव्या हातात होते.